ताप नसलेलं आजारपण

‘प्रतिकारशक्ती’ या शब्दातली ‘शक्ती’ मला अलीकडे खटकू लागली आहे. शक्ती म्हटलं की ती कमी-जास्त होणार, टॉनिकनं वाढणार, आणि उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला जावं तशी म्हातारपणी तळाला जाणार, असं आपण धरूनच चालतो. २०२०च्या उन्हाळ्यात घरोघरी काढे उकळत होते ते याच हिशेबानं: विहीर आटली आहे, वरून पाणी ओता. ज्यांच्यासाठी ते उकळले जात होते त्या आजी-आजोबांच्या शरीरात विषाणू शिरल्यावर जे घडतं, ते या विहिरीच्या चित्रात कुठेच बसत नाही. कुठे पाणी तुडुंब असतं, कुठे ठणठणाट, आणि कुठे नको तिथे झरा वाहत असतो. ऐंशी-पंच्याऐंशी ओलांडलेली, थकलेली माणसं आणि त्यांना गाठणारे विषाणू, यांच्यातला हा गुंता म्हणजे या पुस्तकाचा विषय.

‘थकलेली’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. आम्ही डॉक्टर मंडळी ‘पेशंट फ्रेल आहे’ असं म्हणून मोकळे होतो. पण ‘आजी आता फार थकल्या हो’ या वाक्यात वय, वजन, चाल, आवाज असं सगळं येऊन जातं. २००१ साली अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थकण्याच्या पाच खुणा ठरवल्या: न ठरवता घटलेलं वजन, सततचा थकवा, सैल झालेली हाताची पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. पाचांतल्या तीन दिसल्या की माणूस ‘फ्रेल’. खरं सांगायचं तर या खुणा आपल्याकडच्या कुठल्याही सुनेला पाठ असतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेनासं होतं, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागतात, कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाताना दोनदा टेकावं लागतं. तिनं त्या कुणासाठी मोजून लिहून ठेवल्या नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

वय आणि थकणं हे एकच नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. फ्रान्समधल्या तुलाँ शहरातल्या एका वृद्धाश्रमात जानेवारी २०२१मध्ये कोविड शिरला. तिथल्या ८८ जणांपैकी ८१ जणांना लागण झाली, दहाजण गेले. लागण झालेल्यांत सिस्टर आंद्रे नावाची एक अंध जोगीण होती. तिला फारसं काही जाणवलंच नाही, आणि फेब्रुवारीत तिनं आपला ११७वा वाढदिवस साजरा केला. दुसऱ्या बाजूला, बहात्तराव्या वर्षी साध्या फ्लूनं अंथरूण धरलेली आणि त्यातून न उठलेली माणसं मी पाहिली आहेत. जन्मतारखेवरून निदान करायचं नसतं.

म्हाताऱ्या शरीरात काय शिल्लक असतं, याचा पहिला भक्कम पुरावा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो मला अजूनही चकित करतो. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १८४६ साली गोवर आला. त्याआधी तो १७८१मध्ये येऊन गेला होता. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता. लोकवस्ती आठ हजारांच्या आतली, आणि आजारी पडले सहा हजारांहून अधिक. डेन्मार्क सरकारनं पाठवलेला पीटर लुडविग पानुम हा पंचविशीतला डॉक्टर होडीनं गावोगाव हिंडला, घराघरांत कोण कधी आजारी पडलं याची टिपणं काढली. त्याला दिसलं ते असं: १७८१मध्ये लहानपणी ज्यांना गोवर होऊन गेला होता, त्या हयात म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षं त्या विषाणूशी गाठ नाही, तरी शरीर त्याला विसरलं नव्हतं. प्रतिपिंडं म्हणजे काय, विषाणू म्हणजे काय, यातलं काहीही माहीत नसताना नुसत्या विचारपुशीतून निघालेला हा निष्कर्ष आहे.

पुढे २००८ साली याचीच थेट खातरजमा झाली. १९१५ किंवा त्याआधी जन्मलेल्या, म्हणजे १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतून लहानपणी तरलेल्या ३२ जणांचं रक्त अमेरिकी संशोधकांनी तपासलं. वयं ९१ ते १०१. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं त्यांच्या रक्तात होती. काहीजणांत ती बनवणाऱ्या पेशीसुद्धा रक्तात फिरताना सापडल्या. ही तीच साथ, जी जून १९१८मध्ये मुंबईच्या बंदरातून देशात शिरली आणि जिनं हिंदुस्थानात सव्वा कोट ते दोन कोट माणसं नेली, असा अंदाज केला जातो. त्या वेळीही तिनं म्हाताऱ्यांपेक्षा विशी ते चाळिशीतल्या तरण्याताठ्यांना जास्त उचललं होतं.

पुणेकरांना हे वेगळ्या रूपात आठवत असेल. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तो एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद, थिएटरं बंद, रस्त्यावर तोंडाला रुमाल. घराघरांत काळजी मात्र उलट्या टोकाची होती. आजी-आजोबांना खोलीत कोंडून ठेवलं जात होतं आणि ताप येत होता तो नातवंडांना. कारण त्या विषाणूचे नातलग १९५७ सालापर्यंत माणसांत वावरत होते. ज्यांचं बालपण त्याआधीचं, त्यांच्यातल्या पुष्कळांना तो ओळखीचा निघाला. अमेरिकेत तपासलं तेव्हा साठीपुढच्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात त्याला अडवू शकणारी प्रतिपिंडं आढळली. अर्थात ज्या म्हाताऱ्यांना लागण झालीच, त्यांना तो तरुणांपेक्षा जड गेला.

अकरा वर्षांनी, २०२०मध्ये, हीच पिढी सगळ्यांत आधी कोसळली. पहिल्या खेपेस विषाणू ओळखीचा होता, दुसऱ्या खेपेस कुणाच्याच ओळखीचा नव्हता. तरुण शरीरानं त्याची नव्यानं ओळख करून घेतली, थकलेल्या शरीराला ते वेळेत जमलं नाही. जुनं आठवणं आणि नवं शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि म्हातारपण दुसऱ्या कामावर आधी घाव घालतं. मला या पुस्तकात जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे.

नवं शिकण्याची जागा म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागची थायमस ग्रंथी. १९६१ साली जॅक मिलर यांनी नवजात उंदरांतली ती काढून दाखवेपर्यंत डॉक्टर तिला निरुपयोगी समजत. कोल्हापूरकडच्या वाचकांना ती तालमीसारखी आहे म्हटलं की पटकन कळेल. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी इथे घोटल्या जातात. आपल्याच शरीरावर हात टाकणाऱ्या आणि कुचकामी अशा बहुतेक साऱ्या तिथेच बाद होतात, उरलेल्या मोजक्या ‘टी-पेशी’ म्हणून बाहेर पडतात. त्यातली प्रत्येक वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यासाठी घडलेली, पण अजून एकही कुस्ती न लढलेली. आमच्या भाषेत त्या ‘कोऱ्या’ पेशी. वयात आल्यापासून ही तालीम हळूहळू बंद पडत जाते आणि तिच्या जागी चरबी भरते. ऐंशीनंतर तिथून जवळजवळ कुणीच बाहेर पडत नाही. असलेल्या कोऱ्या पेशी दुभंगून दुभंगून संख्या टिकवू पाहतात, पण त्यांच्यातली विविधता आटत जाते. मग एखादा सर्वस्वी नवा विषाणू आला की त्याच्या जोडीचा मल्लच सापडत नाही. सापडला तर तो एकटा, आणि त्याची पलटण उभी राहीपर्यंत आठवडा उलटून गेलेला.

रिकामी झालेली जागा मोकळी राहत नाही, हे त्याहून विचित्र. सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा एक विषाणू आपल्या देशात बहुतेक सगळ्यांना लहानपणीच गाठतो, काही त्रास देत नाही, आणि जन्मभर मुक्काम करतो. त्याच्यावर नजर ठेवायला नेमलेल्या पेशी वर्षागणिक वाढतच जातात. काही म्हाताऱ्यांत टी-पेशींचा मोठा हिस्सा या एकाच पाहुण्याच्या बंदोबस्तात अडकलेला दिसतो. स्वीडनमधल्या यनशॉपिंग इथे ऐंशी-नव्वदीच्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्यात रक्तातल्या दोन प्रकारच्या टी-पेशींचं प्रमाण असं उलटंपालटं झालेली माणसं पुढच्या दोन वर्षांत जाण्याची शक्यता अधिक आढळली. दोष या विषाणूचा की त्याला आवरू न शकणाऱ्या शरीराचा, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मी दुसऱ्या बाजूला झुकतो.

तिसरी गोष्ट दवंडीची. विषाणू शिरला की पेशी ‘इंटरफेरॉन’ नावाचं रसायन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. म्हाताऱ्या शरीरात ही दवंडी उशिरा पिटली जाते, हे आधीपासून माहीत होतं. २०२०-२१मध्ये पॅरिस आणि न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी आणखी एक धक्का दिला: सत्तरीपुढच्या सुमारे चार टक्के लोकांच्या रक्तात चक्क स्वतःच्याच इंटरफेरॉनला गप्प करणारी प्रतिपिंडं असतात. कोविडनं अत्यवस्थ झालेल्या ऐंशीपुढच्या रुग्णांत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात निघालं. दवंडीवाल्याचं तोंड घरच्याच माणसानं दाबावं, असा प्रकार. तपासणीशिवाय तो ओळखू येत नाही आणि ही तपासणी आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही.

याच शरीरात दुसरीकडे चुलीतल्या निखाऱ्यासारखी एक मंद आग सतत धुमसत असते. झिजलेल्या पेशी, पोटावरची चरबी, हिरड्यांची सूज, ढिली पडलेली आतडी, सगळेच तिला सरपण पुरवतात. इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली या धुमसण्याला नाव दिलं, आणि ते आता जगभर वापरात आहे. मुदलात, थकलेल्या माणसाची यंत्रणा नुसती ‘कमी’ झालेली नसते. ती वेळेवर पेटत नाही, आणि पेटली की वेळेवर विझत नाही. अशा शरीरात ‘इम्युनिटी वाढवतो’ म्हणणाऱ्या डब्यानं नक्की काय वाढवायचं, हा प्रश्न विक्रेत्याला एकदा विचारून पाहावा.

आता ज्या प्रसंगामुळे हे पुस्तक लिहायला बसलो, तो सांगतो. फेब्रुवारीतली रात्र होती. ओळखीच्या घरातल्या सूनबाईंचा फोन आला. ‘डॉक्टर, ताप नाहीये. पण आई संध्याकाळपासून अशा का करतायत? दूध उतू गेलं, दूध उतू गेलं म्हणून सारख्या उठतायत. जेवल्या नाहीत.’ आजी ९१ वर्षांच्या, एरवी डोकं लखलखीत, हरिपाठ तोंडपाठ. मी विचारलं, ताप किती? ९८.८. खोकला? नाही. मग मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. ‘वय झालंय हो. रात्री असं होतं कधीकधी. सकाळी बघू.’ सकाळी त्या पलंगाजवळ पडलेल्या सापडल्या. दुपारी ऑक्सिजन घसरला, तपासणीत इन्फ्लुएन्झा निघाला आणि दोन्ही फुफ्फुसांना सूज. चौथ्या दिवशी त्या गेल्या. सूनबाईंनी दोष दिला नाही. ‘पिकलं पान होतं, डॉक्टर’ म्हणाल्या. त्या म्हणीचा आधार मला त्या दिवशी घेता आला नाही.

त्या रात्री मी चुकीचा प्रश्न विचारला होता. आजींचं रोजचं तापमान ९६.८च्या आसपास असायचं, हे सूनबाईंनी नंतर सहज बोलता बोलता सांगितलं. म्हणजे त्यांना दोन अंश ताप होता, माझ्या थर्मामीटरच्या हिशेबात तो बसत नव्हता इतकंच. वृद्धाश्रमांत राहणाऱ्यांसाठी अमेरिकी संसर्गतज्ज्ञांनी ताप मोजायचा मापदंड केव्हाच बदललेला आहे: तोंडात एकदा जरी १००च्या वर भरला, किंवा वारंवार ९९च्या वर भरला, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंशांनी चढला, तर तो ताप धरावा. ताप येण्यासाठी दवंडी मेंदूपर्यंत पोचावी लागते आणि अंगात ऊब निर्माण करायला स्नायू लागतात. कुडकुडायलासुद्धा मांस लागतं. थकलेल्या शरीरात दोन्हींची वानवा.

ताप नाही, मग खूण कोणती? अचानक आलेला भ्रम, जेवणावरची वासना उडणं, पडणं, कपड्यातच लघवी होणं, नेहमीची चार पावलंही न टाकता येणं. कोविडच्या पहिल्या वर्षी अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आलेल्या ८१७ वृद्ध रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतले २८ टक्के येताना भ्रमात होते, आणि भ्रम झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांना ना ताप होता ना धाप. म्हणजे ज्या दोन गोष्टी विचारून आपण सोसायटीच्या दारात माणसं आत सोडत होतो, त्या दोन्ही चाळण्यांतून हे रुग्ण सहज आत गेले असते. आणि मृत्यूच्या दाखल्यावर पुष्कळदा विषाणूचं नावही येत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला २०१८चा अभ्यास सांगतो की इन्फ्लुएन्झाचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट असतं. घरच्यांना आठवतो तो अटॅक. आठवडाभर आधी नातवाला झालेली सर्दी कुणाच्या लक्षात राहत नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मग हातावर हात ठेवून बसायचं. म्हणूनच पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण नागिणीला दिलं आहे. कंबरेभोवती नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. मुळात हा लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. बरं झाल्यावर तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो, टी-पेशींचा पहारा ढिला पडला की एका तंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून पुरळ सहसा मध्यरेषेवर थांबतं आणि वेढा पुरा होत नाही. ग्लुस्टरशरमधल्या सायरेन्सेस्टर गावात दवाखाना चालवणारे एडगर होप-सिम्पसन यांनी स्वतःच्या रुग्णांच्या नोंदी राखून १९६५ साली ही मांडणी केली.

या नागिणीवर पहिली लस आली ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची. साठी ते सत्तरीत ती बरी चालली, सत्तरीपुढे मात्र रोग टाळण्यातलं तिचं यश ३८ टक्क्यांवर आलं. सगळे म्हणाले, म्हातारं शरीर, दुसरं काय होणार! मग नवी लस आली. तिच्यात विषाणूचं एकच प्रथिन आहे, आणि सोबत शरीराला खडबडून जागं करणारं एक मिश्रण. त्यातला एक घटक चिली देशातल्या क्विलाया या झाडाच्या सालीतून काढतात. ही साल पाण्यात घोळली की आपल्या रिठ्यासारखा फेस येतो, द्रव्यंही रिठ्याच्याच जातकुळीतली. या लसीचं यश सत्तरीपुढेही नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिलं. चाचणीतल्या लोकांची थकण्याच्या पायऱ्यांनुसार पुन्हा विभागणी केली, तेव्हा सर्वाधिक थकलेल्या गटातही आकडा नव्वदच्या जवळपासच निघाला. शरीर तेच होतं, हाक मोठ्यानं मारली होती. नागिणीचा विषाणू त्यांच्या जुन्या ओळखीचा होता, हेही खरं. सर्वस्वी नव्या विषाणूवर हाच डाव इतका साधेल असा माझा दावा नाही. भारतात ही लस २०२३पासून मिळते, पण ती महाग आहे आणि सरकारी लसीकरणात नाही.

तक्रार करायचीच तर माझी एक आहे. लसींच्या चाचण्यांत ऐंशीचे लोक असतात, पण ते स्वतःच्या पायांनी केंद्रावर येऊ शकणारे. अंथरुणाला खिळलेली, नळीनं जेवणारी, विस्मरण झालेली माणसं त्यांत नसल्यातच जमा. मग साथ आली की तीच यादीत सगळ्यांत वर आणि लसकेंद्राच्या रांगेत सगळ्यांत मागे. मार्च २०२१मध्ये साठीपुढच्यांना लस खुली झाली, पण पलंगावरून न उठणाऱ्यांच्या घरी ती नेण्यासाठी मुंबईत उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि महापालिकेनं घरोघरी जायला सुरुवात करेपर्यंत दुसरी लाट ओसरली होती. २०११च्या जनगणनेत देशात ऐंशी पार केलेले एक कोटीहून अधिक होते. त्यांतले किती घराबाहेर पडू शकत नव्हते, याची यादी एकाही वॉर्डाकडे तयार असायला नको होती का?

पुस्तकात औषधांचे डोस नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. घरात कुणी आत्ता आजारी असेल तर भ्रमावरचं आधी वाचा, पेशींचं नंतर.

आणि आजारी कुणी नसेल, तर एक काम आजच करा. घरातल्या थकलेल्या माणसाचं तापमान सकाळ-संध्याकाळ सलग आठ दिवस मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवा. खाली एक ओळ चालीची: कशाचा आधार न घेता किती पावलं. रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन कराल तेव्हा ‘ताप नाही’ म्हणू नका, तो आकडा सांगा.